कार्बुरेटरवाली आणि कॉम्प्युटरवाली: अकरा महिने दोन्ही चालवल्यानंतर

गेले अकरा महिने मी दोन गाड्या आलटून पालटून चालवते आहे. एक बाबांची, ४५ वर्षं जुनी. चार सिलेंडर, हवेत पेट्रोल मिसळणारा एक कार्बुरेटर, प्लगांना ठिणगी वाटणारं पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर, चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बोनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते, इतकी जागा मोकळी. दुसरी मी गेल्या वर्षी घेतली, तीन वर्षं वापरलेली. तीही चार सिलेंडरची पेट्रोल गाडी, टर्बो नसलेली. पण थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारणारी. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी), सहा एअरबॅग आणि डॅशबोर्डच्या मधोमध मोठा स्क्रीन. हिचं बोनेट उघडलं की आधी दिसतं ते काळ्या प्लास्टिकचं झाकण.

या काळात जुनी ३,८०० किलोमीटर चालली आणि नवी १४,०००. दोघींसाठी एकच वही आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, काय बिघडलं, काय केलं. "जुन्या गाड्यांची मजा वेगळीच" आणि "आता कोण कार्बुरेटर साफ करत बसतंय", ही दोन्ही वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दोन्ही म्हणणारी माणसं ते मनापासून म्हणतात. पण एकाच माणसाने एकाच काळात दोन्ही गाड्यांच्या बोनेटखाली हात घातलेला अनुभव फारसा वाचायला मिळत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सकाळी गाडी सुरू करण्यापासूनच फरक कळतो. जुनीचा चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबून सोडायचा आणि मग सेल्फ मारायचा. तो दोनदा दाबण्यामागे कारण आहे: प्रत्येक दाबाला कार्बुरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यामुळे सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. चोकची पट्टी हवा अडवून तेच काम पुढे चालू ठेवते. इंजिन तापत गेलं की चोक थोडा थोडा आत ढकलायचा. किती, ते आवाजावरून ठरतं. जास्त वेळ ओढलेला राहिला तर आवाज जड, भरलेला येतो आणि मागून पेट्रोलचा वास सुटतो. लवकर ढकलला तर गाडी खाकरते आणि बंद पडते. नवी बटण दाबलं की सुरू होते. पण आत तेच चाललेलं असतं: कूलंटचं तापमान बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि तापमान वाढेल तसा तो वेळ कमी करत नेतो. माझ्या हातातला चोक त्याने स्वतःकडे घेतला आहे, एवढंच. या अकरा महिन्यांत नवी सुरू व्हायला एकदाही कुरकुरली नाही. जुनी नऊ वेळा रुसली, वहीत मोजलेलं आहे.

आता पॉइंट सेट करण्याबद्दल थोडं निवांत लिहू द्या, कारण जुन्या गाडीचं माझ्यासाठी सगळ्यात आवडतं काम तेच आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या दोन क्लिपा काढायच्या, रोटर उचलायचा. खाली दोन छोटी संपर्कटोकं दिसतात, तेच पॉइंट. मधल्या दांड्यावर चार कोपऱ्यांचा कॅम असतो. त्याचा कोपरा आला की पॉइंट उघडतात, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगची ठिणगी जन्मते. इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडे आणायचे आणि त्यांच्यामध्ये ०.४ मिलिमीटरचं फीलर गेज सरकवायचं. गेज नुसतं आत जाऊन भागत नाही, बाहेर काढताना किंचित ओढ जाणवली पाहिजे. पुस्तकाच्या दोन पानांमधून कागद ओढताना जाणवते तेवढीच. मग स्क्रू आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना फट हमखास हलते. बाबांनी मला हे शिकवलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. ते गेज माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः डोळे मिटून ओढ तपासायचे. "अगं, आकडा गेजवर आहे, पण माप बोटात आहे," असं म्हणायचे.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात-मिटतात. इतकी मारहाण सोसून ते झिजणारच. टोकं जळतात, एका बाजूला टेंगूळ आणि दुसरीकडे खड्डा पडतो, फट कमी होते आणि टायमिंग मागे सरकतं. पण ही झीज एका रात्रीत होत नाही. आधी चढावर गाडी उचलायला आळस करते. मग ॲव्हरेज एखाद्या किलोमीटरने उतरतं. मग कधीतरी मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सुरू होतं. म्हणजे बंद पडण्याच्या कितीतरी आधीपासून गाडी सांगत असते. मी साधेपणा म्हणते तो हाच. भाग कमी असणं ही त्यातली छोटी गोष्ट आहे. बिघाड हळूहळू आणि माझ्या कानाला, नाकाला, तळव्याला कळेल अशा भाषेत येतो, ही मोठी.

मग हे सगळं का गेलं? कंपन्यांना गाड्या अवघड करण्याची हौस होती म्हणून गेलं, असं जुन्या गाड्यांच्या मंडळींकडून मी पुष्कळदा ऐकते आणि ते मला पटत नाही. कारण धुरात आहे. धूर साफ करणाऱ्या तीन कामांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ असं अगदी काटेकोर लागतं. कार्बुरेटर ते पाळू शकत नाही. तो हवेच्या ओढीवर पेट्रोल खेचतो. उंची बदलली, उष्णता बदलली, जेटमध्ये कचऱ्याचा कण आला की प्रमाण बदललं. १९६७ साली बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीवर आली आणि १९७६ साली व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बसवला. तेव्हापासून इंजिन स्वतःचा धूर तपासून स्वतःचं मिश्रण सुधारू लागलं. जुनी गाडी बंद गॅरेजमध्ये दोन मिनिटं चालू ठेवली तर डोळे चुरचुरतात. माझ्या कपड्यांना येणारा तो वास मला प्रिय आहे, पण माझ्या मुलीच्या फुप्फुसात तो जावा असं मला वाटत नाही.

ब्रेकबद्दल तर वाद घालायचं कारणच नाही. सातव्या महिन्यात, रात्री पावसात, नवी चालवत असताना पुढची गाडी घसरून आडवी झाली. मी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. पेडल पायाखाली खडखडलं, गाडी सरळ राहिली आणि ब्रेक दाबलेला असतानाच मी स्टिअरिंग वळवून बाजूने निघाले. बॉशचं हे एबीएस १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासवर पहिल्यांदा आलं. चाक जाम होतंय असं दिसलं की सेकंदाला अनेक वेळा दाब सोडून पुन्हा धरणं हे त्याचं काम. कारण जाम झालेलं चाक वळत नाही, नुसतं घसरतं. तोच प्रसंग जुन्या गाडीत आला असता तर मला पेडल स्वतः सोडत-दाबत ठेवावं लागलं असतं. ते मला येतं. मोकळ्या ओल्या मैदानात सराव केलेला आहे. तरीही त्या रात्री दचकलेल्या क्षणी ते जमलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या रात्रीनंतर मी ठरवलं की पावसात आणि घरच्यांना घेऊन नवीच काढायची. जुन्या गाडीत एअरबॅग नाही, मागे पट्टे नाहीत, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या दिशेने येतो. तिच्यावर प्रेम आहे म्हणून हे झाकणं योग्य नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की नवी जिंकली. आता दोन्ही गाड्यांना झालेल्या एकाच आजाराची गोष्ट सांगते. माझं मत खरं म्हणजे त्यातून तयार झालं.

तिसऱ्या महिन्यात जुनी न्यूट्रलमध्ये थरथरायला लागली. रेस दिली की ठीक, सोडली की वरखाली. मधूनच कार्बुरेटरच्या तोंडातून फट् असा आवाज. बोनेट उघडून कान जवळ नेला तर इंजिनाच्या आवाजाखाली बारीक सुस्स ऐकू येत होतं. म्हणजे कार्बुरेटरला चुकवून कुठून तरी हवा आत शिरत होती. इंजिन थंड असताना सुरू करून कार्बुरेटर क्लीनरची बारीक फवारणी जोडांवर एकेक करून मारली. कार्बुरेटरच्या तळाशी मारली आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. सापडलं. चार नट काढले. खालचं पॅकिंग वाळून एका कोपऱ्यात चिरलं होतं. नवं पॅकिंग घरीच कापलं. पॅकिंगचा कागद फ्लँजवर ठेवायचा आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलके ठोके देत जायचं. धातूची कडच कागद कापते. भोकंही तशीच पडतात. नट तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळले. ऐकण्यापासून गाडी शांत होईपर्यंत दीड तास.

आठव्या महिन्यात नवीला चेक इंजिनचा दिवा लागला. चालवताना काहीच जाणवत नव्हतं. थरथर नाही, आवाज नाही, ॲव्हरेज जवळपास तेवढंच. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, पी ०१७१ असा कोड आला. म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. दहा मिनिटांत निदान झालं: ऑक्सिजन सेन्सर बदला. मी विचारलं, "सेन्सर बिघडलाय हे कशावरून?" उत्तर आलं, "मॅडम, कोड त्याचाच आहे." मी गाडी घेऊन परत आले.

कोड सेन्सरचा नव्हता. सेन्सरने जे पाहिलं त्याचा होता, आणि या दोन गोष्टींमध्ये फार अंतर आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक गाडीला ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यात लावायचा छोटा रीडर मी आणला आणि फोनवर आकडे उघडले. इंजिन किती जास्तीचं पेट्रोल देऊन मिश्रण सावरतंय याचा आकडा तिथे दिसतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. ठणठणीत गाडीत तो शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असतो. माझ्या गाडीत न्यूट्रलला तो अधिक २३ होता. मी रेस वाढवून २,५०० फेऱ्यांवर धरली, तर उतरून अधिक ७ झाला. मी तशीच बसून राहिले त्या आकड्याकडे बघत. कारण हे मला ओळखीचं होतं. न्यूट्रलला जास्त त्रास, रेस दिली की कमी: हीच तर जुनीची थरथर होती, फक्त आकड्यात लिहिलेली. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल (हवेची झडप) मिटलेलं असतं, मॅनिफोल्डमधली (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळांमधली) ओढ जबर असते, म्हणून फटीतून शिरणारी चोरटी हवा तुलनेने खूप. रेस दिली की खरी हवाच एवढी येते की चोरटी नगण्य ठरते. हवा मोजणारा सेन्सर वाटेत आधी बसलेला, फट त्याच्या पुढे, म्हणून ही हवा कुणी मोजतच नव्हतं.

प्लास्टिकचं झाकण काढलं. टॉर्च घेऊन मॅनिफोल्डला येणाऱ्या एकेका नळीवर बोट फिरवत गेले. क्रँककेसकडून (इंजिनाच्या खालच्या पेटीकडून) येणाऱ्या नळीची क्लिप वरून बसलेली दिसत होती, पण बोटाने दाबल्यावर टक् असा आवाज होऊन ती आणखी आत गेली. पाच आठवड्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये ती काढून अर्धवट बसवली गेली होती. कोड पुसला. चार दिवसांनी न्यूट्रलचा आकडा अधिक २ होता. सेन्सर पहिल्यापासून शंभर टक्के खरं सांगत होता आणि त्यालाच फेकून द्यायला सांगितलं होतं.

पाच आठवडे त्या कॉम्प्युटरने एक चूक माझ्या नकळत सांभाळली. मिश्रण बरोबर ठेवलं, धूर स्वच्छ ठेवला, मला रस्त्यात सोडलं नाही. याबद्दल मला त्याचं खरोखर कौतुक वाटतं. कार्बुरेटरला हे जन्मात जमणार नाही. पण पाच आठवडे त्याला माहीत होतं आणि मला सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. सावरून घेण्याची मर्यादा संपली तेव्हा त्याने एक पिवळा दिवा लावला, आणि तो दिवा पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल असलं तरी लागू शकतो. आकडा आत होता. बाबांच्या बोटातलं माप जितकं नाजूक, तितकाच नाजूक आकडा. तो डॅशबोर्डच्या एवढ्या मोठ्या स्क्रीनवर, जिथे गाणं बदलल्याचं चित्र फिरून फिरून येतं, तिथे दाखवायला काय अडचण होती? माझी तक्रार इलेक्ट्रॉनिक्सबद्दल नाही. गाडीला स्वतःबद्दल जे कळतं ते मालकाला कळू न देण्याबद्दल आहे.

स्क्रीनचा विषय निघालाच आहे तर: एसीचं तापमान बदलायला मला दोनदा बोट लावावं लागतं आणि दोन्ही वेळा बघावं लागतं. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद नजर हटली तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. जुन्या गाडीत हीटरचा दांडा आहे, अंधारातही हात बरोबर त्यावर जातो. काही नव्या गाड्यांमध्ये बटणं परत येऊ लागली आहेत, ही चांगली गोष्ट. दहाव्या महिन्यात सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर लेन पाळायला मदत करणारी यंत्रणा दर वेळी गाडी सुरू केल्यावर आपोआप चालू व्हायला लागली. आधी मी बंद केलेली बंद राहायची. मला न विचारता माझ्या गाडीची सवय बदलली याचा राग अजून गेलेला नाही.

सुटे भाग. जुनीचा वॉटर पंपाचा शाफ्ट मी लेथवर करून घेतला आहे. नमुना दिला, दोन दिवसांत झाला. नवीच्या एखाद्या कंट्रोल युनिटचं तसं होणार नाही. आजच काही युनिट्स जागेवर बसवून चालत नाहीत, कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्यांची गाडीशी ओळख करून द्यावी लागते. ही गाडी ४५ वर्षांची होईल तेव्हा ती ओळख करून देणारं कोणी असेल का, याची मला काळजी वाटते. सगळ्यात चांगलं चालणारं इंजिन एका छोट्या पेटीसाठी भंगारात जाऊ नये.

बाकी आकडेमोड अशी. जुनीवर अकरा महिन्यांत माझे अंदाजे ६० तास गेले: दोनदा पॉइंट, एकदा टॅपेट, ब्रेक शू, कार्बुरेटर दोनदा, दर महिन्याला ग्रीसिंग. नवीवर, नळीचं प्रकरण धरून, आठ तास. ॲव्हरेज नवीचं दीडपट. शरीराचा थकवा लांबच्या प्रवासात जुनीत दुप्पट तरी. स्टिअरिंगमधून रस्ता कळण्यात मात्र नवी तिच्या जवळपासही येत नाही. जुनीत पुढचं डावं चाक खडीवर गेलं की ते मला तळहातात कळतं, नवीत डोळ्यांनी कळतं.

रोजच्या वापराला एकच गाडी घेता येणार असेल तर नवी घ्या, हे मी बिनदिक्कत सांगते. एबीएस आणि एअरबॅग या दोनच गोष्टी त्यासाठी पुरेशा आहेत. पण घेण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा. प्लास्टिकचं झाकण उचलून प्लग आणि एअर फिल्टरपर्यंत हात पोचतो का. एसी आणि काच पुसायची बटणं हाताला लागतात का. आणि रीडर लावून फ्युएल ट्रिम, कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज हे आकडे दिसतात का. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात, ती ठणठणीत असताना, हे आकडे न्यूट्रलला आणि २,५०० फेऱ्यांवर लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरणार नाही. मी ते पहिल्या दिवशी केलं नव्हतं, आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करते.

त्या रविवारी जुनीचे पॉइंटही बघते. गेल्या वेळी मुलगी शेजारी उभी होती. फीलर गेज तिच्या हातात दिलं, तिने ओढून बघितलं आणि म्हणाली, "आई, थोडं घट्ट आहे." मोजलं तर ०.३५ निघालं. मग नवीत बसून तिने ॲक्सिलरेटर धरला आणि मी फोनवरचे आकडे वहीत उतरवले: न्यूट्रलला अधिक १, रेसला उणे १. जुनीची फट तिनेच ०.४ वर आणली, स्क्रू आवळून झाल्यावर पुन्हा मोजायला मात्र विसरली होती. पुन्हा मोजलं. हलली होती.